बावन्न दरवाजांच्या आतबाहेर

छत्रपती संभाजीनगरला येणारा पाहुणा बहुधा वेरूळ-अजिंठ्याचा पाहुणा असतो. शहर त्याला मुक्कामापुरते लागते. सकाळी गाडी लेण्यांकडे निघते, संध्याकाळी परतते, वाटेत बीबी का मकबरा उरकला जातो. मला या वेळी वेगळेच काही बघायचे होते. २०११च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या घरात गेलेल्या या शहरातला माणूस सुट्टी मिळाली की कुठे जातो? त्याची मौज कशात आहे? मावसभाऊ वाळूजच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि पदमपुऱ्यात राहतो. त्याला फोन केला, तर म्हणाला, "आमचं शहर आठ महिने तापतं. बघायचंच असलं तर श्रावणात ये, आणि शुक्रवार धरून ये." शुक्रवारच का, ते त्याने सांगितले नाही.

शहर कसे वसले आहे ते गोगाबाबाच्या टेकडीवरून एका नजरेत कळते. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर, मध्ये सपाटी, आणि तिच्यातून वाहणारी खाम नदी. पहाट फुटायच्या आत टेकडी माणसांनी भरते. निवृत्त मास्तर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे, नऊवारीवर पांढरे बूट घातलेल्या आजी, बुरख्यातल्या दोघी मैत्रिणी, सगळे धापा टाकत वर येतात आणि माथ्यावरच्या छोट्या पांढऱ्या देवळापाशी टेकतात. खाली मकबऱ्याचा घुमट, पलीकडे विद्यापीठाची झाडी, आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला देवगिरीचा, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याचा, उभा कातळ. पावसाने टेकडीला हिरवी साय आली होती. एरवी हीच टेकडी कळकट तपकिरी असते, असे शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सांगितले. ते गेली कित्येक वर्षे रोज येतात. शहरातल्या बातम्या पेपरात छापून येण्याआधी आपल्याला इथे कळतात, असा त्यांचा दावा होता.

त्याच डोंगराच्या कुशीत बुद्धलेणी आहेत. पुस्तकांतून त्यांचा उल्लेख औरंगाबाद लेणी असा असतो, पण इथल्या माणसाच्या तोंडी 'बुद्धलेणी' हेच नाव आहे. बारा लेणी, बहुतेक सहाव्या-सातव्या शतकांतली. वेरूळच्या मानाने इथे शुकशुकाट असतो, म्हणून सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात निवांत उभे राहता आले. डाव्या भिंतीवर एक नर्तकी आहे. कमरेतून वळलेली, एक पाऊल किंचित उचललेले, आणि भोवती वाद्ये घेऊन बसलेल्या स्त्रिया. एकीच्या ओठांना बासरी, दुसरीचे हात चामड्यावर पडायच्या बेतात. ताल देणारी, सूर धरणारी, नाचणारी, सगळ्या बायकाच. बुद्धाच्या गाभाऱ्यात, त्याच्या अगदी शेजारच्या भिंतीवर हा नाच-गाण्याचा प्रसंग कोरावा असे त्या कारागिरांना वाटले, याचे मला फार नवल वाटले. उपासना आणि करमणूक यांच्यात आपण आज जी भिंत घालतो ती त्यांनी घातलेली दिसत नाही. पुढे सबंध प्रवासात हे मला पुन्हा पुन्हा दिसत गेले.

लेण्यांच्या पायथ्याशी विहार आहे. विजयादशमीला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, इथे मराठवाडाभरातून लोक येतात आणि पायथ्याची सारी जमीन पांढऱ्या कपड्यांनी झाकून जाते. त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला कर्णपुऱ्याच्या देवीची जत्रा ऐन भरात असते. एकाच दसऱ्याला शहराची दोन तोंडे दोन दिशांना चाललेली असतात, आणि रिक्षावाला दोन्हीकडे भाडे मारतो.

टेकडी उतरून मकबऱ्यात गेलो. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिची ही कबर. मुलगा आझमशहा याच्या नावाने ती सांगितली जाते आणि ती १६६०च्या सुमारास उभी राहिली. ताजमहालाशी तुलना करून तिला 'गरिबांचा ताज' म्हणण्याची पद्धत मला पटत नाही. घुमट संगमरवराचा आणि बाकीचे बरेचसे बांधकाम चुन्याच्या गिलाव्याचे आहे, हे खरे. पण तो गिलावा जवळून बघावा. त्यातली वेलबुट्टी इतकी नाजूक आहे की ती दगडात कोरली नसून ओल्या चुन्यात काढली आहे हे कळल्यावर कारागिराचा हात अधिकच मोठा वाटतो. दारावर अताउल्ला आणि हंसपत राय या दोघांची नावे आहेत. एक वास्तुकार, दुसरा बांधकाम पाहणारा. शहरातली माणसे मात्र इथे वास्तुकला बघायला येत नाहीत. ईदच्या दुसऱ्या दिवशी नवे कपडे घालून पोराटोरांसह येतात, हिरवळीवर चादर अंथरतात आणि मावळतीपर्यंत बसतात. चारबागेची मूळ कल्पना हीच असावी. बाग ही बसण्यासाठी असते.

मकबऱ्यापासून बेगमपुऱ्यात शिरलो आणि थत्ते हौदावरून मकाई दरवाजाकडे आलो. या शहराचे पुरे वाचत जावेत. बेगमपुरा बेगमेचा, जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा, कर्णपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहांचा, पदमपुरा त्यांच्या मुलाचा, पदमसिंहाचा. दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या राजपूत सरदारांच्या छावण्या होत्या तिथे आज दळणाच्या गिरण्या, किराणा आणि क्लासेस आहेत. शहर वसवले ते मात्र यांच्याही आधी, १६१० साली, मलिक अंबरने. आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि खडकी नावाच्या खेड्याला त्याने राजधानीचे रूप दिले. खडकीचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आणि २०२३पासून छत्रपती संभाजीनगर.

मलिक अंबरने या शहराला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीखाली आहे. उत्तरेच्या डोंगरात मुरलेले पाणी गोळा करून उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणणारी नहर त्याने बांधली, ती नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात तशा आणखी नहरी झाल्या. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि आत उतरून गाळही काढता यावा. बैल नाही, मोट नाही, इंधन नाही. चढ-उताराचा हिशेब चोख असला की पाणी आपणहून चालत येते.

हे शास्त्र डोळ्यांनी बघायचे तर पाणचक्कीला जावे. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे. सतराव्या-अठराव्या शतकांच्या सांध्यावरचे हे काम. कित्येक किलोमीटरवरून, हर्सूलच्या बाजूने, खापरी नळांतून पाणी येते. मग ते एका उंच दगडी बांधकामाच्या आतून वर चढते आणि माथ्यावरून खालच्या हौदात कोसळते. वर चढते कसे? ज्या उंचीवरून ते निघाले त्या उंचीपर्यंत चढण्याची ओढ पाण्यात असतेच. नळ बंदिस्त ठेवले आणि जोड निसटू दिले नाहीत, तर सखल भाग ओलांडून ते पुन्हा उभे राहते. त्या पाण्याच्या जोरावर खालच्या कोठडीत पाते फिरते आणि त्याला जोडलेले जाते दळते. दर्ग्यावर येणारे यात्रेकरू, शिकायला राहिलेली मुले, फकीर यांच्यासाठी इथे पीठ पडत असे. जात्याच्या त्या अंधाऱ्या खोलीत वाकून पाहिले. पाण्याचा गार वारा तोंडावर आला आणि दगडावर दगड घासल्याचा जाडा आवाज पायातून वर आला. शेजारी आईचे बोट धरून उभ्या असलेल्या मुलाने विचारले, "मोटर कुठं आहे?" आईने वरच्या धबधब्याकडे बोट दाखवले.

आवारातला मोठा हौद म्हणजे आणखी एक आश्चर्य. त्याचा तळ हे खालच्या प्रशस्त दालनाचे छप्पर आहे. उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असताना डोक्यावर पाणी घेऊन त्या दालनात बसणाऱ्यांना काय गारवा मिळत असेल! हौदाकाठी जुनाट वडाचे झाड आहे, त्याच्या पारावर दुपारभर माणसे बसलेली असतात. बाजूने खाम वाहते. या नदीला गटाराची कळा आली होती. गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद, संस्था आणि नागरिक यांनी मिळून तिचे काठ साफ करायला घेतले आहेत आणि काही भागांत लोक नदीकाठी फिरायलाही येऊ लागले आहेत.

इथे उभे राहून एक गोष्ट मनाला लागते. आज या शहराचे पाणी पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून पंपाने वर चढवून आणतात, आणि तरी अनेक वस्त्यांत नळ कित्येक दिवसांच्या अंतराने येतो. पायाखाली चारशे वर्षांची नहर असून ती बांधकामांखाली आणि कचऱ्याखाली गाडली जाते आहे. तिने सगळ्या शहराची तहान भागणार नाही, हे उघड आहे. पण जी वाहते ती तरी जपायला हवी. शहरातल्या लोकांना पाण्याकाठी बसण्याची एवढी ओढ का, हे इथल्या नळांचे वेळापत्रक ऐकल्यावर चांगले कळते.

संध्याकाळ गुलमंडीची. औरंगजेबाने मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती तट घातला. त्या तटाचे दरवाजे आणि खिडक्या मिळून बावन्न, असे सांगतात. त्यांतले काही पडले, काही रुंदीकरणात गेले. उरलेल्यांच्या कमानींतून आजही दुचाक्या, हातगाड्या आणि लग्नाच्या वराती जातात. पैठण दरवाजातून आत शिरले की गुलमंडीपर्यंत कापड, चपला, भांडी, बांगड्या यांचा बाजार. या भागाचे देव दोन, सुपारी हनुमान आणि राजाबाजारातला संस्थान गणपती. संस्थान गणपती हे शहराचे ग्रामदैवत. विसर्जनाची मिरवणूक त्याच्या मानाने सुरू होते.

गुलमंडीला इमरती खायची, असा इथला रिवाज आहे. उडदाच्या डाळीचे पीठ, केशरी रंग, जिलबीपेक्षा जाड वेढे. कढईसमोरचा माणूस फडक्याच्या पुरचुंडीतून आधी एक गोल कडे सोडतो आणि मग त्याच्यावर छोट्या छोट्या वेढ्यांची झालर फिरवतो. हात इतका ठरलेला की प्रत्येक फूल सारखे उतरते. पाकातून निघालेली गरम इमरती द्रोणात पडते आणि माणसे रस्त्यातच उभी राहून खातात. श्रावणी उपासवाले मात्र फराळी चिवड्याच्या दुकानाकडे वळतात.

तिथून सिटी चौक, शहागंज, बुढीलेन या बाजूला वळले की वास बदलतो. तंदूरच्या भट्ट्या पेटलेल्या असतात आणि दुकानांपुढे नानांच्या चवडी रचलेल्या असतात. जाड, मऊ, वरून हळद-गुळाच्या हाताने आलेला पिवळसर तांबूस रंग. नान-खलिया हा या शहराचा स्वतःचा पदार्थ. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हाच्या लष्कराच्या भटारखान्यात हा पदार्थ जन्मला, असे इथे कोणीही सांगेल. एकाच मोठ्या देगेत शिजणारा मटणाचा रस्सा आणि दिवसभर टिकणारी रोटी ही लष्कराचीच गरज वाटते, त्यामुळे कथेवर विश्वास ठेवावासा वाटतो. लग्नात पंगतीला हेच असते. मावसभावाचा श्रावण कडक. तो बाकावर समोर बसून राहिला आणि माझ्याकडून प्रत्येक घासाची खबर घेत राहिला.

मॉल आले आहेत, २०१०मध्ये चिकलठाण्याला प्रोझोन उघडला, तिथेही रविवारी झुंबड असते. पण या शहराची खरी बैठकीची करमणूक नाटक आहे. उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिराबाहेर उभे राहून मावसभावाने नावे मोजायला सुरुवात केली. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग जगभर नेणारे लक्ष्मण देशपांडे इथल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. एकटा माणूस रंगमंचावर बावन्न पात्रे उभी करायचा. शहराच्या दरवाजांचा आणि त्या पात्रांचा आकडा एकच, याचा इथल्या लोकांना कोण अभिमान! चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था इथेच सुरू झाली आणि मग मुंबईला गेली. मकरंद अनासपुरे इथलेच. मराठवाड्याच्या खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलांना बोलीची लाज सोडून तीच बोली रंगमंचावर आणायला या शहराने शिकवले. मराठी रंगभूमीला मिळालेले हे देणे मला लेण्यांइतकेच मोलाचे वाटते.

शुक्रवारी कर्णपुऱ्याचे मैदान पाहिले. मोकळे, चिखलाचे, कडेला गाई बसलेल्या. नवरात्रात याच जागी आकाशपाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांच्या आणि भांड्यांच्या रांगा लागतात. देवी तुळजाभवानी. देऊळ राजा करणसिंहांनी बांधल्याचे सांगतात. बिकानेरचा राजा, तुळजापूरची देवी आणि छावणीची जमीन! दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी शहर इथे लोटते. "पोराला पाळण्यात नाही बसवलं तर घरात घेत नाहीत," मावसभाऊ म्हणाला. पण शुक्रवार कशासाठी, ते अजूनही त्याने सांगितले नव्हते. रात्रीचे जेवण झाले आणि म्हणाला, "चला, मारुतीला."

श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीचे दर्शन घ्यायचे आणि त्यासाठी शुक्रवारी रात्री शहरातून चालत खुलताबादला जायचे, ही इथली रीत. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्रीही असेच. मी वारी पाहिली आहे. तिला शिस्त आहे, दिंड्या आहेत, मानाचा क्रम आहे. ही चाल त्याहून वेगळी. हिला ना ध्वज, ना विणेकरी. नगर नाक्यावर आलो तर डावी-उजवीकडून माणसांचे ओघळ येऊन एकाच रस्त्याला मिळत होते. कंपनीच्या गणवेशातच निघालेली वाळूजची पोरे, होस्टेलच्या मुली, गल्लीतल्या दहा-बारा बायकांचा एक जथा, खांद्यावर पोर घेतलेला बाप. बरेच जण अनवाणी. कुणाच्या मोबाइलवर हनुमान चालिसा, कुणाच्या मोबाइलवर भीमगीते, कुणी नुसत्याच गप्पा मारत.

बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, त्याच्यामागून शेकडो छोटे-मोठे कारखाने आले आणि बीड, जालना, परभणी, हिंगोलीची तरुण मंडळी इथे राहायला आली. गावाकडची जत्रा सुटलेली, इथले कुणी नात्याचे नाही. या रात्रीच्या चालण्याने त्यांना शहर आपले झाले असणार, असे मला वाटते. माझ्याबरोबर बराच वेळ चाललेला हिंगोलीचा एक मुलगा म्हणाला, "पहिल्या वर्षी रूममधी एकटाच होतो. शेजारचे म्हणले चल. तवापासून चुकवलं नाही. नवस-बिवस काही नाही, पण चालू राहिलो की बरं वाटतं."

पडेगाव, मिटमिटा. रस्त्याच्या कडेला मांडव, त्यात चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी. पैसे कुणी घेत नाही. एका मांडवात तर बाकडी टाकून पायाला तेल लावून देत होते. दुकानदार, रिक्षा संघटना, तरुण मंडळे यांची ही सेवा. शरणापूर फाटा मागे पडला, गर्दी विरळ झाली आणि पावसाची एक सर येऊन गेली. ओल्या डांबरावर शेकडो पावलांचा चपचप आवाज होत होता.

मध्यरात्र उलटल्यावर दौलताबादच्या दिल्ली दरवाजापाशी पोहोचलो. दिवसा इथे गाड्यांचा खोळंबा असतो, कारण हमरस्ताच किल्ल्याच्या तटातून, या एका कमानीखालून जातो आणि मोठी गाडी एका वेळी एकच निघते. रात्री माणसे त्या कमानीतून जात होती. कमान आली की पोरे हाळी देत आणि दगडातून हाळी परत येई. डाव्या हाताला काळोखात देवगिरीचा कातळ आणि त्याच्यापुढे चांदमिनार. यादव राजा भिल्लमाने बाराव्या शतकात इथे राजधानी केली, १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी चालून आला, नंतर तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, निजाम. चांदमिनार बहमनींच्या काळचा, पंधराव्या शतकातला. पण या किल्ल्याची मला सगळ्यात आवडलेली कथा लढाईची नाही. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी इथले किल्लेदार होते. ते दत्तभक्त, म्हणून गडाच्या कारभाराला गुरुवारची सुट्टी असे, असे परंपरा सांगते. मुसलमान सुलतानाचा किल्ला, हिंदू किल्लेदार आणि दत्ताच्या वारी सुट्टी.

दरवाजानंतर घाट लागतो. इथे गप्पा बंद होतात. चढ फार नाही, पण तेवढ्यात पोटऱ्या बोलू लागतात. घाट संपता संपता कागजीपुरा. तुघलकाच्या काळात दिल्लीहून आलेल्या कारागिरांनी इथे हातकागदाचा धंदा मांडला, तो पिढ्यान् पिढ्या चालला. चिंध्या भिजवून, कुटून, त्यांचा लगदा चाळणीवर उचलून कागद करायचा. दरबारांना आणि हिशेबनीसांना लागणारे कागद इथून जात. आता हा धंदा जेमतेम धुगधुगी धरून आहे. पहाटेच्या सुमारास तिथे एका म्हाताऱ्या मियाँनी दुकान उघडे ठेवले होते. चहा दिला आणि विचारले, "पहिली बार आए क्या? अब थोड़ाच रह गया, बैठो नक्को, बैठे तो पाँव पकड़ते." सल्ला बरोबर होता. बसलेले उठत नव्हते.

भद्रा मारुतीची मूर्ती निद्रिस्त आहे, आडवी. अशा मूर्ती देशात मोजक्याच. प्रयागराजच्या संगमावरची त्यांतली एक. भद्रावतीचा राजा भद्रसेन रामाची भजने गात असे, ती ऐकायला मारुती आला आणि ऐकता ऐकता इथेच भावसमाधीत आडवा झाला, अशी कथा आहे. गाणे ऐकायला आलेला देव! दर्शनाच्या रांगेत मला सातव्या लेण्यातली ती बासरीवाली आठवली.

देवळापासून थोड्याच अंतरावर दर्ग्यांचे गाव सुरू होते. निजामुद्दीन अवलियांचे शिष्य मुंतजबोद्दीन आणि मग बुऱ्हानुद्दीन गरीब दख्खनेत आले आणि खुलताबाद सूफींचे ठिकाण झाले. बुऱ्हानपूरचे नाव या बुऱ्हानुद्दीनांवरूनच पडले. पहिला निजाम त्यांच्या आवारात पुरलेला आहे, समोर झैनुद्दीन शिराझींच्या आवारात औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची साधी कबर आहे, आणि गावाबाहेर मलिक अंबरचा मकबरा. या गावाची बातमी अलीकडे औरंगजेबाच्या कबरीच्या वादापुरतीच होते, याचे वाईट वाटते. जर जरी जर बक्ष म्हणजे मुंतजबोद्दीनांचा उरूस हा जिल्ह्याच्या मोठ्या मेळ्यांतला एक. पाळणे, कव्वाल्या, मिठाईची दुकाने. खाजा नावाची खुसखुशीत मिठाई लोक घरी बांधून नेतात. कर्णपुऱ्याला जाणारी घरे उरुसालाही येतात. पाळणेवालाही बहुतेक तोच असतो, असे मावसभाऊ म्हणाला.

खुलताबादहून वेरूळ पाचेक किलोमीटर खाली. तिथे श्रावणी शनिवारी जी गर्दी होती ती लेण्यांत कमी आणि एकोणतिसाव्या लेण्याजवळच्या धबधब्याला जास्त. सीतेची न्हाणी म्हणतात त्याला. हा डोंगर लाव्ह्याच्या आडव्या थरांचा. पठाराच्या कडेवरून ओढे सरळ खाली उडी घेतात, आणि तीच उभी कड खोदायला कारागिरांना सोयीची पडली. बौद्ध, ब्राह्मणी आणि जैन मिळून चौतीस लेणी याच कडेला ओळीने आहेत. पाणी आणि लेणी यांचे घर एकच. कित्येक शतके माणसे इथे दगड फोडत राहिली, त्यांना प्यायला पाणी याच ओढ्यांचे. जालन्याहून आलेले एक कुटुंब शंकराच्या प्रचंड शिल्पाजवळच्या ओट्यावर दशम्या, ठेचा आणि दह्याची चटणी सोडून बसले होते. पहारेकरी आला, त्याने सामान बाहेर न्यायला सांगितले, आणि मग त्यांच्याबरोबर बाहेर जाऊन त्यानेही एक दशमी घेतली. वेरूळ हे भोसल्यांचे गाव. मालोजीराजांची गढी इथली, आणि त्यांचे पुत्र शहाजीराजे १६२४ला भातवडीच्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने लढले. शहर वसवणारा आणि स्वराज्याचे घराणे एका रणांगणावर एका बाजूला होते, हे या रस्त्यावर आठवावेच असे आहे.

शेवटचा टप्पा म्हैसमाळ. हजार मीटरहून जरा जास्त उंच पठार, गिरिजामातेचे देऊळ, दूरदर्शनचा मनोरा. इथूनच गिरिजा नदी निघते. थंड हवेचे ठिकाण म्हणून याची जाहिरात होते, पण उन्हाळ्यात इथे फार काही नाही. श्रावणात मात्र ढग रस्त्यावर येऊन बसतात आणि गवतात रानफुले उमलतात. कॉलेजची मुले दुचाकीवरून येतात, भिजतात, भजी खातात. भरधाव गाड्या आणि फुटलेल्या बाटल्या यांचा त्रास आहे. गावकरी बोलून दाखवतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

खुलताबाद-कन्नड-फुलंब्रीच्या या पट्ट्यात मका आणि अद्रक ही मोठी पिके. रस्त्याच्या कडेला कोळशावर कणसे भाजणाऱ्या बायकांची रांगच असते. एकीच्या ताडपत्रीखाली पावसामुळे थांबलो. तिने कणीस शेगडीवर उलटे-पालटे केले, लिंबाच्या फोडीला तिखट-मीठ लावून दाणा अन् दाणा चोळला आणि पानात गुंडाळून दिले. विचारले, धंदा किती दिवस?

"पितृपाठापर्यंत. पुढं गवत वाळतं, मानसं येत नाहीत. मग मका सोंगायला लागते."

घरची मका व्यापाऱ्याला घातली तर किलोवर जाते, कुक्कुटखाद्याला. त्यातली कोवळी कणसे इथे एकेक विकली तर त्याच ताटाचे पैसे कितीतरी जास्त होतात. म्हणून शेताच्या एका कोपऱ्यात ती मका जरा उशिरा पेरते, जत्रेच्या शनिवारांना कोवळी मिळावी म्हणून. या श्रावणाचे शनिवार किती, ते तिने उन्हाळ्यातच कॅलेंडरवर मोजून ठेवले होते. थोरल्या मुलीची सिडकोतल्या कॉलेजची फी या कणसांवर भरते, असे तिने सांगितले. एवढ्यात पाच-सहा दुचाक्या येऊन थांबल्या आणि ती शेगडीला वारा घालू लागली.